रावेन्ना: साध्या विटांच्या आतलं सोनं

इटलीतल्या बोलोन्याहून रेल्वेने तास-सव्वा तासात रावेन्ना येतं. व्हेनिस-फ्लॉरेन्स करणारे बरेच जण इकडे वळत नाहीत, याची मला खरंच हळहळ वाटते. इ.स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली, पुढे ऑस्ट्रोगॉथ या जर्मॅनिक टोळीच्या राजांनी आणि मग बायझंटाइनांनी, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याने, इथूनच कारभार केला. प्रत्येकाने मागे ठेवली ती मोझेक चित्रं, म्हणजे काचेचे-दगडाचे बारीक तुकडे जडवून केलेली.

५४७ साली पूर्ण झालेलं सान विताले हे चर्च बाहेरून अगदी साधं, विटांचं अष्टकोनी बांधकाम. आत गेलात की मान वर होते ती खाली येत नाही. एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा, दोघंही आपापल्या लवाजम्यासह. थिओडोराच्या जांभळ्या वस्त्राचा काठ नीट बघा, त्यावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष विणलेले आहेत! सोनेरी काचेचे तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवलेत, त्यामुळे आपण दोन पावलं सरकलो की एका जागची झळाळी मावळते आणि दुसरी उजळते. म्हणून इथे एका जागी उभं राहू नये, हळूहळू फिरत राहावं. शेजारच्या, गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या वास्तूत संगमरवरासारख्या अलाबास्टरच्या खिडक्यांतून मधाळ उजेड झिरपतो आणि गडद निळ्या छतावर सोन्याचे तारे दिसू लागतात.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते सांतापोल्लिनारे नुओवोने. हे चर्च ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने बांधलं. तो एरियन या ख्रिस्ती पंथाचा, जो बायझंटाइनांच्या लेखी पाखंडी. बायझंटाइनांनी शहर घेतल्यावर राजवाड्याच्या चित्रातली माणसं काढून तिथे पांढरे पडदे जडवले. खांबांवर आलेले हात मात्र तसेच राहिले. माणूस नाही, नुसता पंजा आणि मनगट. मी खांबामागून खांब शोधत राहिले. कुणाला तरी इतिहासातून पुसून टाकायचं होतं, आणि ते पुरतं जमलं नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दांतेची समाधीही इथेच. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी १३२१ मध्ये रावेन्नात वारला. फ्लॉरेन्सने अस्थी मागितल्या, रावेन्नाने दिल्या नाहीत. आता समाधीवरच्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लॉरेन्सकडून येतं.

जेवणाला पियादिना हवीच. आपल्या भाकरीसारखी तव्यावर भाजलेली, पण गव्हाच्या पिठाची. आत स्क्वाक्वेरोने नावाचं सैलसर, किंचित आंबट चीज आणि रुकोलाची तिखटसर पानं. पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. शाकाहारी असाल तर ऑलिव्ह तेलातली आहे का, ते आधी विचारा. गरम असतानाच खा, गार झाली की वातड होते.

बोलोन्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याचा बेत करू नका. एक मुक्काम ठेवलात तर शहराबाहेरचं क्लासे गावातलं सांतापोल्लिनारे हे दुसरं चर्चही निवांत होतं, आणि तिथलं हिरव्या कुरणातल्या मेंढ्यांचं मोझेक घाईत बघायचं नाही.