झिंक ऑक्साईडचे थर: सगळा खेळ वाळवण्यात

मंडळी, काचेवर चढवलेल्या झिंक ऑक्साईडच्या पातळ थरांचे एक्सआरडी आलेख, म्हणजे क्ष-किरण पाडून स्फटिकांची मांडणी दाखवणारे आलेख, हाती आले. आपण सगळे शेवटच्या तापमानावर तासन्‌तास बोलतो: भट्टी ४५० ला ठेवायची की ५०० ला, एक तास की दोन. पण स्फटिक कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहणार, हे थर भट्टीत जाण्याआधीच बहुतांशी ठरून गेलेलं असतं. आलेख बघितल्यावर माझी तरी तशी खात्री झाली.

नव्यांसाठी कृती सांगतो. १०० मिलि सोलसाठी, म्हणजे ज्यात काच बुडवायची त्या द्रावणासाठी, झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ११ ग्रॅम आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. नुसत्या आयपीएमध्ये झिंक ॲसिटेट नीट विरघळत नाही, भांड्यात पांढरं गढूळ पाणी दिसत राहतं. ६० अंशांवर ढवळत ३ मिलि मोनोइथेनॉलअमाईन थेंबाथेंबाने सोडायचं. झिंकचे जितके मोल तितकेच याचे. थोड्या वेळात बघता बघता सगळं निवळशंख होतं; दर वेळी मी ढवळणं थांबवून ते उजेडात धरून बघतो. मग रात्रभर झाकून ठेवायचं. शोधनिबंधांत आयपीएऐवजी बहुधा २-मिथॉक्सीइथेनॉल असतं. त्याने थर सुरेख येतात, पण ते प्रजननक्षमतेला घातक आहे. घरात आणू नका, हे मी ठामपणे सांगेन. अमाईनही त्वचेला भाजतं, त्यामुळे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच.

काचेची स्लाइड सोलमध्ये बुडवून स्टेपर मोटरने संथ, एकसारख्या वेगाने वर ओढायची. वेग वाढवला की थर जाड होतो, साधारण वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने. म्हणून वेग मी एकदा ठरवला तो पुन्हा बदललेला नाही. नाहीतर नेमका फरक कशामुळे पडला हे कळायला मार्ग राहत नाही. पावसाळ्यात मात्र ओला थर हॉट प्लेटपर्यंत पोचायच्या आत दुधाळ होतो. सध्या सिलिका जेल घातलेल्या झाकणबंद डब्यातच बुडवतोय, आणि थर स्वच्छ येताहेत.

या वेळी एकाच सोलमधून दोन संच केले. पहिल्या संचात प्रत्येक थर १०० अंशांवर वाळवला आणि शेवटी स्लाइड थेट ५०० अंशांच्या तापलेल्या मफल फर्नेसमध्ये ठेवली. दुसऱ्यात प्रत्येक थर ३०० अंशांवर दहा मिनिटं, मग थंड भट्टीत ठेवून सावकाश ५०० पर्यंत. शेवटचा एक तास दोघांना सारखाच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पारदर्शक. थर वाढत गेले तसा तिरप्या उजेडात आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळा, मग निळा रंग दोन्हींवर आला, म्हणजे जाडीतही फारसं अंतर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पहिल्या संचावर बारीक सुरकुत्यांचं जाळं दिसतं, दुसरा सपाट आहे.

एक्सआरडी ओळखीच्या प्राध्यापकांनी काढून दिलं. तांब्याच्या क्ष-किरणांनी झिंक ऑक्साईडची पहिली तीन शिखरं ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांच्या कोनांवर येतात. कण वाटेल तसे पडलेल्या भुकटीत त्यांची उंची साधारण ५७, ४४ आणि १०० अशी असते, म्हणजे मधलं सर्वांत बुटकं. पहिल्या संचाचा आलेख या भुकटीच्या जवळ जाणारा आहे. दुसऱ्यात ३४.४ चं शिखर एकटंच ताडमाड उभं आहे आणि शेजारची दोन्ही तळाच्या खरखरीतून जेमतेम डोकं वर काढतात. हे शिखर म्हणजे ००२ प्रतलं, म्हणजे स्फटिकातले अणूंचे एकावर एक आडवे थर, २.६० अँगस्ट्रॉम अंतराचे; स्फटिकाच्या षटकोनी एकक पेशीची उंची ५.२१, त्याच्या बरोबर निम्मं. म्हणजे स्फटिकांचा सी-अक्ष, त्या षटकोनी पेशीचा उभा अक्ष, काचेला लंब उभा आहे. एक लक्षात ठेवा: नेहमीच्या स्कॅनमध्ये काचेला समांतर असलेली प्रतलंच दिसतात. बाकीची शिखरं नाहीत म्हणजे ती प्रतलंच नाहीत असं नव्हे, ती दुसरीकडे तोंड करून आहेत इतकंच. शिखराची रुंदी, यंत्रामुळे येणारी वजा जाता, ०.३५ अंश आहे. शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या श्रेररच्या सूत्राने स्फटिकांचा आकार सुमारे २४ नॅनोमीटर निघतो.

आता कारण. आयपीए ८२ अंशांच्या आसपास उकळतं, अमाईन १७० ला, आणि ॲसिटेट मोडायला त्याहूनही बरंच वर जावं लागतं. १०० वर वाळवलेल्या थरात अमाईन आणि ॲसिटेट दोन्ही तसेच असतात. तो एकदम ५०० मध्ये गेला की बाष्प निघणं, ॲसिटेट मोडणं आणि स्फटिक धरणं एकाच वेळी सुरू होतं. त्या धांदलीत थराच्या आत जागोजागी, मिळेल त्या दिशेने स्फटिकांचे अंकुर फुटतात. ३०० वर दहा मिनिटं दिली की सेंद्रिय भाग बराचसा निघून जातो आणि थर घट्ट बसतो. मग अंकुर सावकाश, मुख्यतः काचेलगत धरतात. ज्या प्रतलाची पृष्ठऊर्जा सर्वांत कमी ते, म्हणजे ००२, समांतर राहतं आणि वाढ वरच्या दिशेने होते. ओहयामा, कोझुका आणि योको या संशोधकांनी १९९७ मध्ये हे दिशाबद्ध थर सोल-जेलने, म्हणजे याच द्रावणातून थर करण्याच्या पद्धतीने, करून दाखवले. जास्त उत्कलनबिंदूची रसायनं आणि आधीचं तापवणं यांवर त्यांनी दिलेला भर या संचांनंतर मला पुरता पटला.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या काचेवर द्रावण फवारणं) आणि सिलार (काच आळीपाळीने वेगवेगळ्या द्रावणांत बुडवणं) या पद्धतींवर खूप काम झालं आहे. सी. डी. लोखंडे आणि पी. एस. पाटील यांचे आढावा-लेख जरूर मिळवून वाचा. फवारा आणि नुसत्या बीकरवर काय काय जमतं ते त्यांत आहे.

पुढचा संच आयपीएच्या त्याच प्रमाणाने, पण वाळवण २००, २५०, ३५० आणि ४०० ला. ४०० ला दिशा पुन्हा बिघडेल असा माझा अंदाज आहे, कारण तिथे वाळतानाच स्फटिक धरू लागतील. सोबत दोन बोरोसिलिकेट स्लाइड घेतोय, साध्या काचेतला सोडियम थरात चढून काही करतो का ते बघायला. आणि वीज वाहणाऱ्या चांदीच्या पेंटचे दोन ठिपके लावून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली दोन्ही संचांचा रोध मोजायचा आहे. कुणी हे मोजलं असेल तर ठिपक्यांतलं अंतर किती ठेवलंत ते कळवा.