तुम्ही विचारलंत म्हणून: मी पेशंटला "घाबरवते" ते का

"मॅडम, तुमच्याकडे पेशंट पाठवला की तो अर्धा तिथेच गार होतो." हे मला पेशंट पाठवणाऱ्या एका फॅमिली डॉक्टरांचं वाक्य. जावई विचारतात, सुना विचारतात, परवा तर माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं, तू ऑपरेशनच्या आधी पेशंटला धोक्यांचं एवढं सगळं सांगतेस कशाला, ते पलीकडच्या गल्लीतले सर तर म्हणतात काही नाही होत, संध्याकाळी चहा पिऊन घरी जाल. आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

पहिलं म्हणजे ते पलीकडच्या गल्लीतले सर पूर्वी मीच होते. जवळजवळ दहा वर्षं. "काही नाही होत हो" हे मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. फॉर्म सिस्टरच भरून आणायची, "सर्व धोके मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत" हे त्यावर छापलेलंच असायचं, आणि त्याच्याखाली अंगठा. ज्याला वाचता येत नाही त्याने समजल्याचं लिहून दिलं. तेव्हा मला यात काहीही विचित्र वाटलं नव्हतं.

मग काका आले. साठीच्या आतबाहेरचे, गळ्याला लिंबाएवढी गाठ. थायरॉइडची. सुईची तपासणी केली, रिपोर्ट मधलाच आला, साधी म्हणता येईना आणि कॅन्सरही म्हणता येईना, अशा वेळी थायरॉइडचा गाठीकडचा अर्धा भाग काढून बायोप्सीला पाठवतात. घाई अजिबात नव्हती. काका बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचे. हे मला कधी कळलं? ऑपरेशननंतर. केसपेपरवर व्यवसाय म्हणून "नोकरी" लिहिलं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

मुलाला मी बाहेर बोलावून सांगितलं होतं की आवाजाची नस थायरॉइडच्या मागूनच जाते, ती कायमची दुखावण्याचा धोका शंभरात एक-दोन जणांना असतो. मुलगा म्हणाला, "मॅडम, अप्पांना नका सांगू, बीपी वाढेल." मी म्हटलं बरं. एवढंच, "बरं." आज तो शब्द आठवला की मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी बचावासाठी सांगत नाहीये (सांगतेच आहे खरं तर). आवाजाची ती मोठी नस डोळ्यांना दिसली, शाबूत होती. बायोप्सी साधी आली. काका दुसऱ्या दिवशी बोलले, घरच्यांनी पेढे दिले. दोन महिन्यांनी काका एकटे आले. बसले आणि म्हणाले, "मॅडम, आवाज चढत नाही."

मला तर आवाज नीट वाटत होता. दुर्बिणीतून घशात बघितलं तर आवाजाच्या दोन्ही पट्ट्या हलत होत्या. मी म्हटलं, सगळं नॉर्मल आहे. तर ते उठले आणि माझ्या केबिनमध्ये त्यांनी पुकारायला सुरुवात केली, "चौदाशे... चौदाशे दहा... चौदाशे पंचवीस..." आणि चौदाशे पन्नासला आवाज फाटला. सपाट झाला. बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. म्हणाले, पाच-सहा ट्रॅक्टर होतात, मग संपलं, व्यापारी म्हणतात अप्पा काय बोलताय ऐकू येत नाही.

थायरॉइडच्या वरच्या टोकाला रक्तवाहिनी बांधावी लागते, तिला अगदी खेटून आणखी एक बारीक नस जाते. ती आवाजाची पट्टी ताणणाऱ्या स्नायूला जाते, ती गेली तर माणूस बोलू शकतो पण उंच, मोठ्याने, लांबवर आवाज टाकू शकत नाही. दुर्बिणीतही ते धड दिसत नाही, म्हणून पुस्तकांतले आकडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. तिच्याबद्दल तर मी मुलालाही बोलले नव्हते. कोण बोलतं?

"तुम्हाला हे माहीत होतं?" काकांनी विचारलं. हो म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलं? मी काय लहान पोर आहे?"

मी जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, "काका, सांगितलं असतं तर ऑपरेशन केलं नसतंत का?"

"केलं असतं की. पण उन्हाळ कांदा उरकून केलं असतं."

यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. मी मार्चमध्ये तारीख दिली होती कारण मार्चमध्ये माझं थिएटर रिकामं होतं.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं, लंडनला मणक्याच्या ऑपरेशनचा असाच खटला झाला होता, चेस्टर विरुद्ध अफशार. शंभरात एक-दोनचाच धोका, सर्जनने तो सांगितला नव्हता, ऑपरेशनमध्ये मात्र चूक नव्हती. बाई असं म्हणालीच नाही की मी कधीच केलं नसतं, फक्त त्या दिवशी केलं नसतं म्हणाली. २००४ साली ती जिंकली, तेही पाचातल्या तीन न्यायाधीशांमुळे, म्हणजे त्यांचंही एकमत नव्हतं. आपल्याकडे समीरा कोहली केस, सुप्रीम कोर्ट, २००८. पोटात दुर्बीण घालून बघायला म्हणून भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशयं काढून टाकली, संमती घेतली आईची. कोर्ट म्हणालं, तातडी नव्हती, बाई सज्ञान आहे, आईची संमती चालणार नाही. भरपाई २५ हजार रुपये. पण त्याच निकालात हेही आहे की दूरदूरचा प्रत्येक धोका सांगायची गरज नाही. म्हणजे कायद्याने मी कदाचित सुटलेही असते. काकांनी केस केलीच नाही, आता ते बाजार समितीच्याच ऑफिसात पावत्या लिहितात, आणि केस केली असती तर मला बरं वाटलं असतं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर तेव्हापासून मी पेशंटलाच सांगते, मुलाला नंतर. काम काय करता हे आधी विचारते.

आता तुमच्या बाजूचं. एका आजींना पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल मी सांगितलं की हजारात तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनळीला इजा होते, तर आजी उठून घरी गेल्या, चार महिने कुठलंसं चूर्ण खाल्लं, आणि खडा घसरून स्वादुपिंडाला सूज आल्यावर आयसीयूत आल्या. वाचल्या. त्यांचा नातू मला म्हणाला, तुम्ही गप्प बसला असतात तर हे झालं नसतं. तो चुकीचं बोलला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. जुनी मी असते तर म्हणाले असते, बघ, नऊशे पंच्याण्णव जणांना उगाच घाबरवलंस. तिला मी एवढंच म्हणते की तू कांद्याचा सीझन विचारला नव्हतास. ती म्हणते, आणि तू आजींना खडा घसरू शकतो हे नीट सांगितलंस का? यावर आमचं दोघींचं भांडण चालूच आहे.

गेल्या महिन्यात काका बायकोला घेऊन आले, तिलाही पित्ताशयात खडे. मला म्हणाले, "मॅडम, हिला सगळं सांगा, एकही सोडू नका." मी कागद पुढे ओढला तर बाई म्हणाल्या, "मला काही ऐकायचं नाही बाई, भाचीचं लग्न आहे वैशाखात, त्याच्या आधी करायचं की नंतर तेवढं सांगा." मी म्हटलं नंतर केलं तरी चालेल, पण मावशी, थांबण्यातही धोका असतो, तो म्हणजे...

"झालं," त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचं परत चालू."