बुलविंकल मेट्रनची गोष्ट फक्त एका दिवसाची नाही

ऑस्ट्रेलियन मिलिटरी नर्स आणि पुढे मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलची मुख्य नर्स, झालेली व्हिव्हियन बुलविंकल, हे नाव सर्च केलं की सगळीकडे एकच तारीख येते, १६ फेब्रुवारी १९४२. मला खरं तर त्याच्या पुढचं लिहायचंय, पण तो दिवस सांगितल्याशिवाय पुढचं कळणारच नाही.

सिंगापूर पडायच्या बेतात होतं तेव्हा ६५ ऑस्ट्रेलियन मिलिटरी नर्सेसना व्हायनर ब्रुक जहाजातून बाहेर काढलं, ते जहाज जपानी विमानांनी बुडवलं, १२ जणी तिथेच मेल्या आणि बुलविंकलसह २२ जणी आजच्या इंडोनेशियातल्या बांका बेटाच्या एका किनाऱ्याला लागल्या. जपानी सैनिकांनी त्यांना समुद्रात चालत जायला लावलं आणि मागून मशीनगन चालवली. २१ जणी संपल्या. बुलविंकलच्या कमरेजवळून गोळी आरपार गेली, ती मेल्यासारखी पाण्यावर पडून राहिली म्हणून वाचली.

आणि मग हिने काय केलं, तर जंगलात एक जखमी ब्रिटिश सैनिक सापडला त्याची जवळजवळ बारा दिवस शुश्रूषा केली, स्वतःची जखम तशीच असताना! शेवटी उपासमारीने शरण जायची वेळ आली तेव्हा युनिफॉर्मला पडलेलं गोळीचं भोक झाकायला पाण्याची बाटली बरोबर त्यावर लटकवली, कारण ही साक्षीदार आहे हे कळलं असतं तर तिलाही मारलं असतं. जहाजावरच्या बाकीच्या नर्सेस आधीच जपान्यांच्या कैदी कॅम्पमध्ये होत्या, त्यांनीही साडेतीन वर्षं याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. ६५ पैकी २४ जणी घरी परतल्या. १९४६ मध्ये तिने टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात साक्ष दिली.

आता माझा मुद्दा. तेव्हा ती जेमतेम तिशीची होती, नर्सिंग सोडलं असतं तरी कोण बोललं असतं? तिने मात्र कॅम्पमधली मैत्रीण बेटी जेफ्री हिला घेऊन ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली हॉस्पिटलं पालथी घातली आणि नर्सेसच्या स्मारक केंद्रासाठी पैसे जमवले. १९६१ पासून १९७७ पर्यंत ती मेलबर्नच्या फेअरफिल्ड या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलची मेट्रन होती. १९४७ चं फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक वगैरे मान मिळालेच, पण मला ही सोळा वर्षं जास्त मोठी वाटतात, आणि त्यांच्यावर कुठे धड चार ओळी मिळत नाहीत याचा खरंच राग येतो. १९७५ मध्ये, साठीला टेकलेली असताना, युद्धातल्या अनाथ मुलांना आणायला ती व्हिएतनामलाही गेली होती.