झाकण उघडलं की मोडेम गप्प: अखेर घोडं गंगेत न्हालं

काल रात्री लॅपटॉपचं झाकण लावलं, पाच मिनिटं थांबले, परत उघडलं आणि घड्याळाकडे बघत बसले. एकविसाव्या सेकंदाला मोबाइल डेटाचं चिन्ह आलं आणि लगेच पिंगला (जोडणी तपासायच्या छोट्या संदेशाला) उत्तर आलं. मग हेच ओळीने ३० वेळा केलं. ३० पैकी ३० वेळा मोडेम वर आला. मागच्या तीन नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. ऑगस्टात हाच आकडा ३० पैकी ४ होता.

सेटअप तोच आहे: उबुंटू लिनक्सवरचा लॅपटॉप, त्याच्या एम.२ स्लॉटमधला (आतलं छोटं कार्ड बसवायच्या जागेतला) मोबाइल डेटाचा कॅट-६ एलटीई मोडेम, आतून यूएसबीवर बोलणारा, क्यूएमआय (मोडेमला आज्ञा द्यायची भाषा) मोडमध्ये. दुखणंही तेच होतं. कोल्ड बूटनंतर (पूर्ण बंद करून चालू केल्यावर) सगळं सुरळीत. एकदा लॅपटॉप सस्पेंड होऊन (झोपून) उठला की एमएमसीएलआयमध्ये, म्हणजे मोडेम सांभाळणाऱ्या मोडेममॅनेजर या सेवेच्या कमांडमध्ये, मोडेमची पॉवर स्टेट 'लो', आणि एनेबल करायला गेलं की 'इनव्हॅलिड ट्रान्झिशन', म्हणजे क्यूएमआयची ६० नंबरची एरर.

आधी एक दुरुस्ती. मागच्या नोंदीत मी याचं खापर डब्ल्यू-डिसेबल (रेडिओ बंद करणाऱ्या) पिनवर फोडलं होतं आणि एम.२ कनेक्टरची ८ नंबरची पिन कॅप्टॉन या वीजरोधक टेपने झाकायचा सल्ला दिला होता. ते निदान चुकलेलं होतं. कुणी टेप लावली असेल तर काढून टाका. रेडिओ पिनमुळे बंद आहे की आणखी कशामुळे, हे ओळखायची सोपी खूण मला तेव्हा माहीत नव्हती: क्यूएमआयसीएलआयने (मोडेमशी थेट क्यूएमआयमध्ये बोलणाऱ्या कमांडने) ऑपरेटिंग मोड विचारायचा. मोडच्या खाली 'एचडब्ल्यू रिस्ट्रिक्टेड' अशी ओळ येते. तिथे 'येस' असेल तर पिन, स्विच, बायोस यांच्या मागे लागा. माझ्याकडे पहिल्यापासून 'नो' होतं. मोड 'लो-पॉवर', हार्डवेअरची आडकाठी नाही. म्हणजे मोडेमला रेडिओ चालू करायला कुणी अडवत नव्हतं, तो स्वतःच परवानगीची वाट बघत बसला होता.

ही परवानगी म्हणजे एफसीसी अनलॉक (एफसीसी ही अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था). अमेरिकेच्या नियमांत मोडेम, अँटेना आणि लॅपटॉपची बॉडी यांची जोडी म्हणून रेडिओ प्रमाणित होतो, म्हणून लॅपटॉपसाठी बनलेले कित्येक मोडेम वीज मिळाली की रेडिओ बंद ठेवूनच सुरू होतात. होस्टकडून ठरलेला संदेश गेला की मगच कुलूप उघडतं. पूर्वी मोडेममॅनेजर हा संदेश आपणहून पाठवायचा. १.१८.४ पासून ते बंद झालं. स्क्रिप्ट अजूनही सोबत येतात, पण 'अव्हेलेबल' फोल्डरमध्ये पडून असतात आणि आपल्या मोडेमची स्क्रिप्ट आपणच चालू करायची असते. मला हा बदल पटतो. कुलूप उघडायचं की नाही हे मशीनच्या मालकाने ठरवावं. फक्त एररमध्ये 'कुलूप' हा शब्द कुठेच येत नाही, आणि त्यामुळे माझ्यासारखे कित्येक जण आठवडेच्या आठवडे दुसरीकडेच शोधत राहतात.

आता मुख्य प्रश्न. बूटनंतर माझं कुलूप उघडत होतं, मग रिझ्यूमनंतर (झोपेतून उठल्यावर) काय बिनसत होतं?

उत्तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये) होतं, मी दोन ओळींतला फरक वाचत नव्हते इतकंच. झोपेतून उठल्यावर यूएसबी डिव्हाइसबद्दल 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ४' असं दिसलं, तर कर्नलच्या लेखी ते तेच जुनं डिव्हाइस आहे, ओळख कायम. माझ्याकडे मात्र 'यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ४' असं येत होतं आणि बऱ्याच सेकंदांनी 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७'. म्हणजे झोपेत स्लॉटची वीज पूर्ण तुटत होती. लॅपटॉप क्षणात जागा व्हायचा, पण मोडेमला स्वतःचं फर्मवेअर बूट करायला वेळ लागायचा. कर्नल हजेरी घ्यायचा तेव्हा तो जागेवरच नसायचा, म्हणून नाव कापलं जायचं. पुढे तो उगवायचा तो नवा मोडेम म्हणून, कुलूप परत लावलेलं.

खात्री करायला स्लीप मोड 'डीप'वरून (गाढ झोप) 'एस२आयडल'वर (हलकी झोप) टाकला. लगेच 'डिस्कनेक्ट' गेलं आणि 'रीसेट'सुद्धा दिसेना. वीज टिकली, मोडेम जागा राहिला, कुलूप उघडंच राहिलं. तो क्षण मला फार आवडला. सहा आठवडे जे अंदाजाने चाललं होतं ते एका ओळीच्या बदलाने हातात आलं. पण एस२आयडलवर रात्रभरात बॅटरी इतकी उतरली की तो कायमचा उपाय होऊ शकत नव्हता. डीपवर परत आले.

मग माझ्याच जुन्या जुगाडांची झाडाझडती सुरू केली. लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरमध्ये माझी एक स्क्रिप्ट होती. उठल्यावर तिला 'पोस्ट' असा पॅरामीटर मिळतो, त्यावर ती क्यूएमआयसीएलआयने कुलूप उघडायची आणि मग एमएमसीएलआयने शून्य नंबरचा मोडेम एनेबल करायची. वाचताना बिनचूक वाटते. तिच्यात तीन चुका होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी डोकं वर काढायच्या, म्हणून चित्र कधी स्पष्ट झालंच नाही.

पहिली, घाई. स्क्रिप्ट धावायची तेव्हा मोडेम बूटच होत असायचा. दहा सेकंदांचा स्लीप टाकला तर कधी जमायचं, कधी नाही.

दुसरी, तो शून्य. मोडेममॅनेजर प्रत्येक नव्याने दिसलेल्या मोडेमला पुढचा नंबर देतो. पहिल्या रिझ्यूमनंतर माझा मोडेम १ झालेला असायचा, दुसऱ्यानंतर २, आणि स्क्रिप्ट बिचारी ०लाच हाका मारत राहायची. नंबराच्या जागी 'एनी' लिहिलं की हा प्रश्न मिटतो. एकच मोडेम असेल तर कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नंबर लिहूच नका.

तिसरी सगळ्यात चिवट. मी क्यूएमआयसीएलआय प्रॉक्सीचा (मध्यस्थाचा) पर्याय न देता चालवत होते. त्याच वेळी मोडेममॅनेजर तेच कंट्रोल पोर्ट उघडून मोडेमची चौकशी करत असतो. दोघं एकाच नळीतून बोलायला लागले की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात पडतं आणि दोघंही टाइमआउटची वाट बघत बसतात. मोडेममॅनेजर चालू असताना क्यूएमआयसीएलआय हाताने चालवायचं असेल तर प्रॉक्सीचा पर्याय द्यायचाच.

तीनही चुका दुरुस्त करायला बसले होते आणि मध्येच थांबले. ही स्क्रिप्ट हवीच कशाला? मोडेममॅनेजरची स्वतःची अनलॉक व्यवस्था नेमकी याच कामासाठी आहे. मोडेम एनेबल करायची वेळ आली की ते स्वतः ती स्क्रिप्ट बोलावतं, डीबसवरचा (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या मार्गावरचा) पत्ता आणि पोर्टांची नावं तिच्या हातात देतं. वेळही तेच ठरवतं, पोर्टही तेच सांगतं. मग माझी सिस्टम-स्लीप स्क्रिप्ट सरळ उडवली.

आणि रिझ्यूमनंतर मोडेम परत गप्प. बूटनंतरसुद्धा गप्प!

इथे दोन संध्याकाळी गेल्या. म्हणजे आजवर बूटनंतर जे कुलूप उघडत होतं तेही अधिकृत व्यवस्थेतून नव्हे, माझ्याच दुसऱ्या एका बूट सर्व्हिसमधून, जी आवराआवरीत मीच बंद केली होती. अधिकृत स्क्रिप्ट तर जुलैपासून जागेवर होती. मोडेममॅनेजर डीबग लेव्हलला चालवून जर्नल वाचत बसले, तेव्हा कळलं की ते ती स्क्रिप्ट बघतं आणि नाकारतं. फोल्डरमध्ये जाऊन एलएस-एल केलं. परमिशन्स मालकाला आरडब्ल्यूएक्स (वाचा, लिहा, चालवा), ग्रुपलाही आरडब्ल्यूएक्स, बाकीच्यांना आर-एक्स. मालक: मी. जुलैत लॉगची एक ओळ घालायची म्हणून मूळ स्क्रिप्टची प्रत माझ्या होम फोल्डरमध्ये केली होती आणि नंतर सुडोने (रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) तिथे हलवली होती. हलवलं तरी मालक बदलत नाही, आणि माझा उमास्क (नव्या फाइलींच्या परमिशन्स ठरवणारा आकडा) ००२ असल्याने ग्रुपलाही लिहायची मुभा राहिली होती. ही स्क्रिप्ट रूटच्या हक्काने धावते, त्यामुळे मालक रूट नसेल किंवा ग्रुपला लिहिता येत असेल तर मोडेममॅनेजर तिला हात लावत नाही. आणि ते बरोबरच आहे. प्रत काढून टाकली, 'अव्हेलेबल' फोल्डरमधल्या मूळ फाइलची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारी खूण) केली. फाइलचं नाव म्हणजे मोडेमचा व्हेंडर आयडी, कोलन, प्रॉडक्ट आयडी, ते एलएसयूएसबीत (यूएसबी डिव्हाइसांच्या यादीत) दिसतं तसंच्या तसं.

ज्यांची सिमलिंक बरोबर असूनही काही होत नाही त्यांनी क्यूएमआयसीएलआय बसवलेलं आहे ना, ते बघा. क्यूएमआय मोडेमांच्या स्क्रिप्ट आतून तेच वापरतात, आणि डेबियन-उबुंटूत ते 'लिबक्यूएमआय-युटिल्स' या वेगळ्या पॅकेजात आहे.

यानंतर ३० पैकी २७. उरलेल्या तिन्ही वेळा मोडेम वर यायचा, कनेक्ट व्हायचा आणि थोडा वेळ रिकामा राहिला की गायब. हे सापडायला फक्त अर्धा तास लागला, कारण एव्हाना संशयाची पहिली सुई माझ्या जुन्या बदलांकडेच वळत होती. बॅटरीसाठी मी एक युडेव्ह नियम (डिव्हाइस जोडलं की आपोआप लागणारा) केला होता: कुठलंही यूएसबी डिव्हाइस आलं की पॉवर कंट्रोल 'ऑटो', म्हणजे रिकामं राहिलं की आपोआप झोप (ऑटोसस्पेंड). मोडेम उठल्यावर नवं डिव्हाइस म्हणून येतो, त्यालाही तो नियम लागायचा, आणि ऑटोसस्पेंडमधून माझ्या मोडेमचं फर्मवेअर दरवेळी धड बाहेर येत नाही. नियमात मोडेमच्या व्हेंडर आयडीला अपवाद केला, कंट्रोल 'ऑन'. पॉवरटॉपने मोजलं तर खर्च अर्ध्या वॉटच्या आतच वाढला. पॉवरटॉप मोजायला उत्तम आहे. त्याचं सगळीकडे 'ऑटो' लावणारं ऑटो-ट्यून मात्र मोडेम असलेल्या मशीनवर मी चालवणार नाही.

एवढं झाल्यावर कालचा ३० पैकी ३०.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वायफायचा अडखळता पिंग गेला. पॉवरसेव्ह बंद करायला नेटवर्कमॅनेजरच्या (नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेच्या) कॉन्फ.डी फोल्डरमध्ये किंमत २ द्यायची (३ म्हणजे चालू), ती मी महिन्याभरापूर्वीच दिली होती. पण माझ्या फाइलचं नाव १०ने सुरू होत होतं आणि उबुंटूची स्वतःची फाइल 'डिफॉल्ट'ने. अक्षरक्रमात नंतर येणारी फाइल जिंकते. माझ्या फाइलचं नाव 'झेडझेड'ने सुरू केलं. राउटरला पिंग कधी ४, कधी १८० मिलिसेकंद असा उड्या मारायचा, तो आता ३-४ वर स्थिर आहे. एसएसएचमध्ये (दूरच्या मशीनवर) टाइप करताना अक्षर बोटाखालीच उमटतं, आणि याचं सुख मला अजून रोज होतं.

अँटेनाचंही जमलं. ज्या विक्रेत्याकडून पहिली जोडी मागवली त्याने वर्णनात एम.२साठी म्हणून यू.एफएल कनेक्टरच्या तारा पाठवल्या होत्या. एम.२ कार्डांना लागतो तो एमएचएफ४, आणि तो आकाराने लहान असतो. यू.एफएल त्यावर नुसता टेकतो, बसत नाही. दुसऱ्या विक्रेत्याने कनेक्टरचा भिंगातून काढलेला फोटोच आधी पाठवला, माझी पुढची खरेदी तिथेच. मुख्य तार नखाने हलकेच दाबली, बारीकसा टिक आवाज आला, आणि आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०९वरून उणे ९६ डीबीएमवर आलं. एमएमसीएलआयमध्ये सिग्नल-सेटअप पाच सेकंदांवर ठेवून तारेची जागा हलवत आकडा बघायचा. स्क्रीनवरच्या दांड्यांवरून काही कळत नाही.

आता पुढचं. मागच्या वेळी लिहिलं होतं की वायफाय तुटलं की मोबाइल डेटावर उडी मारणारी स्क्रिप्ट करेन. आज सकाळी तिची पहिली ओळ लिहितानाच लक्षात आलं की उडी नेटवर्कमॅनेजर आधीच मारतो. वायफायच्या रूटचं मेट्रिक ६००, मोबाइलचं ७०० (लहान आकड्याला पसंती), दोन्ही जोडलेले असतील तर वायफाय गेल्याबरोबर रहदारी मोबाइलवर जाते. तुटतं ते एसएसएच, कारण माझा आयपी पत्ता बदलतो. आधी यावर टीमक्स (दूरच्या मशीनवर सत्र जिवंत ठेवणारा प्रोग्राम) एवढंच उत्तर डोक्यात होतं. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की मध्ये वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे दोन टोकांमधला सुरक्षित बोगदा) घातला तर? त्याच्या लेखी पत्ता बदलणं ही रोजची गोष्ट आहे. नव्या पत्त्यावरून खरं पॅकेट आलं की समोरचं टोक उत्तरं तिकडे पाठवू लागतं, आतला पत्ता हलत नाही, आणि आतला एसएसएच टिकतो. मोबाइल नेटवर्कच्या नॅटमुळे (अनेकांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेमुळे) कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा संदेश, २५ सेकंदांवर ठेवावा लागेल. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वायरगार्डमध्ये साधारण १४२० धरतात, मी मोबाइलच्या बाजूची खात्री होईपर्यंत १२८०पासून सुरू करते.

म्हणून उडीची स्क्रिप्ट रद्द. यूएसबीऐवजी पीसीआयईवर बोलणारा ५जी मोडेम घ्यायचा बेतही पुढे ढकलते आहे. कर्नल ५.१३पासून अशा मोडेमांसाठी वेगळा डब्ल्यूवॅन (मोबाइल नेटवर्कचा) विभाग आहे, पण तिथली झोप-जागेची गणितं वेगळी असणार, आणि हा मोडेम आत्ता कुठे बोलायला लागला आहे. ज्यांच्याकडे असा मोडेम आहे त्यांनी एका रिझ्यूमनंतरच्या डीमेसेजच्या ओळी जपून ठेवा, मला ताडून बघायच्या आहेत. शनिवारी वायरगार्ड लावून लॅपटॉप उघडा धरूनच वायफायच्या टप्प्याबाहेर चालत जाणार, एसएसएचमध्ये घड्याळ चालू ठेवून. किती सेकंद अडकतं ते मोजून पुढच्या नोंदीत.