मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला घर कोण देतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गाडीखाली येऊन कंबरेखाली लुळी पडलेली रस्त्यावरची कुत्री माझ्याकडे पुण्यात उपचारांपुरती राहतात. घरी येणारं माणूस त्यांना बघतं आणि विचारतं, ‘धडधाकट पिल्लांना घर मिळत नाही, मग हिला कोण नेणार?’

नेतात. मात्र त्यासाठी कुणाचं मन किती हळवं आहे हे मी बघत नाही. सकाळी उठल्यावर, भर दुपारी आणि रात्री झोपण्याआधी त्या घरात कोण असतं, ते विचारते.

कारण लोकांना पाय दिसतात, मागच्या पायांऐवजी बांधायची चाकाची गाडी दिसते, पण खरं काम असतं लघवीच्या पिशवीचं. मणक्याला जबर मार बसला की पायांबरोबर बहुतेक वेळा लघवीवरचा ताबाही जातो. पिशवी भरलेली कुत्र्याला कळत नाही. काठोकाठ भरली की थेंब थेंब गळायला लागते आणि बघणाऱ्याला वाटतं, होतेय की लघवी! आत मात्र ती साचून राहते, संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून पिशवी मोकळी करावी लागते. पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या जरा पुढे, दोन्हीकडून सपाट बोटांनी चाचपलं की ती पाणी भरलेल्या फुग्यासारखी हाताला लागते. मग सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. हे डॉक्टरांसमोरच शिकायचं, व्हिडिओ बघून नाही. नराच्या बाबतीत जरा जड जातं. पण एकदा हात बसला की चहा उकळेपर्यंत काम होतं. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ किंवा लालसर दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता घर शोधण्याचं. रक्ताने माखलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला की माणसं हळहळतात, पैसे पाठवतात, ऑपरेशनचा खर्च निघतो. त्या फोटोची गरज असते, मी नाही म्हणत नाही. पण तो बघून कुत्रं घरी न्यायला कुणी येत नाही, कारण त्यात बघणाऱ्याला आपलं घर दिसत नाही, दवाखाना दिसतो. म्हणून जखमा भरल्यावर मी वेगळे फोटो टाकते: सकाळची लघवी काढताना, गाडीचे पट्टे बांधताना, लहान बाळाच्या डायपरला शेपटीसाठी भोक पाडताना. महिन्याला अंडरपॅड (खाली अंथरायची, ओल शोषणारी चादर), डायपर, मलम किती लागतं, तेही लिहिते. ‘थोडी काळजी घ्यावी लागते’ असलं मोघम वाक्य मी कधीच लिहीत नाही. त्या वाक्यावर नेलेलं कुत्रं परत येतं, आणि परत आलेलं कुत्रं कित्येक दिवस दाराकडे बघत बसतं.

मग फोन कमी येतात, पण कामाचे येतात. सासूबाईंचं अंथरुणातलं आजारपण काढलेल्या एक बाई आल्या होत्या. मी काही समजावण्याआधीच त्यांनी कुत्रीच्या खुब्याची हाडं चाचपली आणि म्हणाल्या, ‘ताई, हिची कूस दर किती तासांनी बदलता?’ एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, म्हणजे बेडसोर, काय असतो हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती. ती कुत्री आज त्यांच्याकडे आहे. याउलट एक फार प्रेमळ जोडपं होतं, एका कुत्रीला मांडीवर घेऊन दोघंही रडले. पण दोघं सकाळी आठला बाहेर पडणार ते रात्री आठला परतणार. मी नाही म्हणाले. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नव्हती. बारा तास भरलेल्या पिशवीचं काय, एवढाच प्रश्न होता.

हो म्हणणाऱ्या घरातल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे यावं, स्वतःच्या हाताने लघवी काढून बघावी, असा माझा आग्रह असतो. घरातलं एकच माणूस शिकलं आणि ते तापाने पडलं, तर कुत्र्याचे हाल. मग पंधरा दिवस ठेवून बघायचं आणि नाही जमलं तर कारण न विचारता मी परत घेते. गुळगुळीत फरशीवर पाय ओढून कातडी सोलते, म्हणून रबरी मॅट आधी अंथरायला सांगते. चाकाच्या गाडीत कुत्र्याला धड बसता-लोळता येत नाही, म्हणून फिरणं झालं की ती काढायची. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी हवी. सोसायटीची भीती बरेच जण घालतात. त्यांच्यासाठी एवढंच, की पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलेलं आहे.

‘इंजेक्शन देऊन सोडवत का नाही?’ हेही विचारतात. ज्या जनावराच्या वेदना थांबवताच येत नाहीत, त्याच्यासाठी डॉक्टरांनी तो निर्णय घेतलेला मी जवळ बसून पाहिलाय, आणि तो योग्यच होता. पण जे कुत्रं पोटभर जेवतं, पुढच्या दोन पायांवर सरपटत मांजरामागे धावतं, अनोळखी माणसावर भुंकतं, त्याला कशातून सोडवायचं?

सध्या माझ्याकडे गुणी आहे. तांबूस रंगाची देशी कुत्री, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. मागचे दोन्ही पाय कायमचे गेलेत. लघवी दिवसातून चार वेळा काढावी लागते, ती अजिबात त्रास देत नाही. शी बहुतेक जेवणानंतर आपोआप होते, तेवढ्यापुरतं जुनं वर्तमानपत्र खाली घालावं लागतं. दुसरी कुत्री चालतात, मांजर चालणार नाही. ज्यांच्या घरी दुपारी कुणीतरी नक्की असतं, त्यांनी तिला बघायला सकाळी लवकर यावं. दिवसातली पहिली लघवी तेव्हा काढायची असते, ती तुम्हीच काढून बघा.