छाननी शुल्क कोणत्या हेडला?

साक्री तालुक्यातल्या एका शाळेच्या दोन प्रीफॅब (कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या) खोल्यांची फाइल लेखा शाखेतून तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मे संपत आला होता. शेरा तोच: 'छाननी शुल्क कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावे, याचा खुलासा व्हावा.' प्रशासकीय मान्यता होती, निधीही होता. पण शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून डिझाइन तपासून आल्याशिवाय साहेब तांत्रिक मान्यतेवर सही करेनात. त्या तपासणीची फी, म्हणजेच हे छाननी शुल्क, वर 18 टक्के जीएसटी, अंदाजपत्रकात धरायची राहून गेली होती. अंदाजपत्रक मीच केलेलं, बोंब कुणाच्या नावानं मारणार?

तिकडे गुरुजींचा रोज फोन. "भाऊ, पाणी उनं ते पोरेसले कोठे बसाडू?" जुन्या खोल्या निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, होऊन पडल्या होत्या.

पुरवठादार म्हणाला, "साहेब, फी मी भरतो, विषय संपवा." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ज्याचं डिझाइन तपासायचं त्याच्याच खिशातून फी, हे पटेना. शेवटी किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून मंजुरी घेतली आणि नकाशे घेऊन स्वतःच कॉलेज गाठलं.

डिझाइन तपासणाऱ्या तिथल्या मॅडमनी नकाशा दोनदा उलटसुलट केला आणि पेन्सिल व्हरांड्यावर टेकवली. "हे मुळात साइट ऑफिसचं डिझाइन ना? व्हरांडा मागून चिकटवलाय."

खरंच होतं. गणित चारी बाजूंनी बंद खोलीचं. उघड्या व्हरांड्यात वारा खालून शिरतो आणि छत उचलू पाहतो. खोलीला विटांचं वजन नाही, सगळी भिस्त खांबाच्या बुडाशी असलेल्या लोखंडी बेसप्लेटच्या चार बोल्टांवर आणि खालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर. तो ठोकळा पुरत नव्हता. आणि शाळा कुठं, तर जिथून ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसतात तिथं! वारा बघूनच त्या तिथं उभ्या केल्यात, हे मला सुचू नये?

फी द्यायला माझी ना नाही. पण हाच नमुना उद्या शिरपूरला लावला, तर पुन्हा पूर्ण छाननी, पुन्हा पूर्ण फी. कॅलिफोर्नियात असे नमुने एकदा तपासून ठेवतात, नंतर मुख्यतः जागेपुरतं बघतात. आपल्याकडेही दरवेळी पाया आणि वारा तेवढा तपासावा.

ठोकळे मोठे झाले, बोल्ट लांबले, सही झाली. खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा पोळा आला होता. तोवर पोरं मारुतीच्या देवळात बसली. लेखा शाखेचा शेरा परवा पुन्हा आलाय: 'शुल्काची मूळ पावती जोडावी.'