दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी

पहाटे पाचला मुख्याध्यापक सरांचा फोन आला. "अध्यक्ष, मारुतीच्या पाराजवळ दोन ट्रॅक्टर लागलेत म्हणे. मी निघालोय, पण पोहोचायला पाऊण तास लागेल." सर तालुक्याच्या गावी राहतात. मी चूल तशीच सोडली, यादी घेतली आणि निघाले.

यादी म्हणजे वहीतलं एक पान. त्यावर पोरांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे 'राहणार', 'जाणार' किंवा 'नक्की नाही'.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. जमीन सगळी पावसाच्या भरवशावरची. मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) पावसाळ्यातच घरात येते आणि खर्चूनही जाते. मग दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो. परत यायचं ते साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे. पोरं सोबत गेली की त्यांची तेवढे महिने शाळा बुडाली. म्हणून मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं आणि ते शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायचं असतं. त्या समितीची मी अध्यक्ष आहे. धंदा शिलाईचा, शिक्षण बारावी.

वसतिगृह म्हटलं की लोकांना इमारत दिसते. आमच्याकडे इमारत नाही. सकाळचा नाष्टा आणि रात्रीचं जेवण शाळेच्या ओट्यावर, दुपारचं पोषण आहारात, आणि झोपायला आजीकडे, चुलत्याकडे, ज्याचं जे असेल तिथं. त्यामुळे सगळा खेळ आजीवर असतो. कोणाची आजी खमकी आहे, कोणाच्या आजीला दिसत नाही, कोणाचा चुलता संध्याकाळी शुद्धीवर नसतो, हे बाहेरून आलेल्या शिक्षकाला कसं कळणार? ते आम्हाला कळतं. माझ्या मते समितीचं खरं काम इथंच आहे.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या 21 व्या कलमात ही समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. मुख्याध्यापक सचिव असतात, आणि खात्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही लागते. मानधन नाही. पालकसभेत माझं नाव पुढं आलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "सह्या करायला बसवतील तुला." पहिले दोन महिने झालंही तसंच. प्रोसिडिंगची वही, म्हणजे बैठकांच्या नोंदीची, घरी यायची, मी मशीनवरूनच सही करून द्यायचे. तिसऱ्या महिन्यात मी वही ठेवून घेतली आणि रात्री वाचली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तांदळाचं पोतं मोजायला बसले. पहिली ते पाचवी पोरामागे शंभर ग्रॅम, सहावीपासून दीडशे. मापं घेणं तर माझं रोजचंच काम. तेव्हापासून सरांनी न वाचलेल्या कागदावर माझी सही कधी मागितली नाही, आणि मीही त्यांना एकटं पाडलं नाही.

तर त्या पहाटे.

पाराजवळ पहिला ट्रॅक्टर भरत आला होता. बाजरीची पोती, सरपण, ताडपत्री, कोपीचे (फडावरच्या झोपडीचे) बांबू, पाय बांधलेल्या चार कोंबड्या, त्यावर गोधड्या आणि गोधड्यांवर माणसं. मी यादी धरून एकेका घराला विचारत फिरत होते. 'राहणार' लिहिलेली बहुतेक पोरं आज्यांना धरून खाली उभी होती. रडत होती, पण खाली होती.

सहावीतली एक पोर मात्र वर बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचा भाऊ. तिच्या नावापुढे 'नक्की नाही' होतं. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा तिच्या आईनं चहा दिला आणि उत्तर दिलं नाही. घरी आजी आहे, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ती स्पष्ट म्हणाली होती, "पोर मोठी झालीय. रातीची जबाबदारी माझ्याच्यानं व्हायची न्हाई."

मी ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभी राहिले. म्हटलं, "वहिनी, ती माझ्या घरी झोपंल. माझ्या पोरीसंगं. मी शब्द देते."

तिची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पोरीकडे न बघता म्हणाली, "उतर."

पोर अशी उतरली की गोधडीसुद्धा हलली नाही. मी तिचा हात धरला. तो घामानं ओला होता. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की पुढचं दिसलंच नाही. बाळ आता आईच्या हातात होतं. तिनं खाली आजीजवळ उभ्या असलेल्या मधल्या पोराकडे पाहिलं. तिसरीतला, आठ वर्षांचा. माझ्या यादीत त्याच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून 'राहणार' होतं. पाठीला दप्तर लावून तो शाळेच्या वेळेची वाट बघत उभा होता.

"ये रं," ती म्हणाली. "तू चल."

तो काही न बोलता दप्तरासकट वर चढला.

तेवढ्यात सर आले. त्यांनी समजावलं, मीही समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, फडात मोळ्या बांधताना लेकराला बघायला एक तर मला लागंलच. दोघातलं कोणतं ठिवू ते तुमीच सांगा."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. उसाच्या फडात पाळणाघर नसतं आणि उचल फिटल्याशिवाय तिला घरी बसता येत नाही. तिच्याकडे बोट दाखवायचं मला धाडस होत नाही.

सरांनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवूनच शिक्षण हमी कार्ड भरलं. त्यावर पोराची इयत्ता, शाळा लिहिलेली असते. ते दाखवलं की कारखान्याच्या बाजूच्या शाळेत त्याला बसवून घ्यायचं. पण ही कार्डं गाठोड्यात जातात, भिजतात, चुलीत जातात. हे मी पाहिलंय. मी पोराला म्हटलं, "दप्तर दे इकडं." आणि घरी पळत आले.

मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज होता, तो ओढून काढला. नव्या साडीवर येतं ते जाड प्लास्टिक कापलं, कार्ड त्यात सरकवलं आणि दप्तराच्या झाकणाला आतून दुहेरी टीप मारली. कार्ड दिसायला हवं पण निघायला नको, म्हणून चारी बाजू बंद. खाली कापडावर मार्करनं माझा मोबाइल नंबर. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. शेवटच्या टिपेला दोरा तुटला, तेवढी तशीच राहिली.

दप्तर वर दिलं तेव्हा त्याच्या मांडीवर बाळ होतं. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं दप्तर पायात धरलं.

त्या दुपारी सर हजेरीपटावरचं त्याचं नाव खोडायला लागले. मी म्हटलं, खोडू नका, पुढे 'स्थलांतरित' लिहा आणि महिन्याच्या बैठकीत विषय घ्या. त्यांनी तसं केलं. वसतिगृहाच्या यादीत तेवीस नावं होती आणि तेवीसच राहिली, बहीण आली आणि भाऊ गेला म्हणून.

नणंद मला नेहमी विचारते, यात तुला मिळतं काय? तिला मी एकच गोष्ट सांगते. गेल्या हंगामात मागे राहिलेल्या सातवीच्या एका पोरानं, आईबाप परतल्यावर, त्यांच्या हिशोबाची वही वाचली. ऊस वाहून नेलेल्या दोन खेपा कमी लागल्या होत्या. त्यानं मुकादमाला पान दाखवलं आणि मुकादमानं त्या मांडून दिल्या. त्याची आई माझ्या दारात येऊन नुसती बसली होती, अर्धा तास. आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. मला ते पुरतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. कोल्हापूरकडच्या एका शाळेतले गुरुजी होते. "ताई, दप्तरात तुमचा नंबर मिळाला. पोराला तिसरीत बसवलंय. पण ते तोंडच उघडत नाही. त्याला वाचता येतं का?"

त्याची बहीण माझ्या मशीनशेजारी अभ्यास करत होती. मी फोन तिच्या हातात दिला.

"येतं, गुरुजी," ती म्हणाली. "बाळ संगं आणलंय का त्यानं?"

पलीकडून काही तरी उत्तर आलं.

"मग त्याला बाळ मांडीवर घिऊन बसू द्या. म्हंजी तो वाचतो."